देवदार : बागेतील लागवड आणि निगा

आरंभी इतका लहान आणि पुढे इतका प्रचंड होणारा वृक्ष बागेत लावावयाच्या झाडांमध्ये देवदारासारखा दुसरा क्वचितच आढळेल. रोपवाटिकेतून आणलेले तीन वर्षांचे रोप वीतभर किंवा फार तर हातभर उंच असते. त्याच्या बारीक, किंचित निळसर सुया आणि खाली वाकलेला कोवळा शेंडा पाहून ते घराच्या पायरीजवळ, खिडकीखाली किंवा फाटकाच्या खांबालगत लावण्याचा मोह लावणाऱ्याला होतो. तेच रोप जगले तर पाऊणशे-शंभर वर्षांत २५-३० मीटर उंच होते, आणि त्याच्या खालच्या फांद्या बुंध्यापासून चारही बाजूंस ५-६ मीटर पसरतात. मग प्रथम फांद्या तोडाव्या लागतात, नंतर शेंडा, आणि अखेरीस कोणीतरी करवत घेऊन येतो. पाच-सातशे वर्षे जगू शकणारा वृक्ष अशा रीतीने ऐन तारुण्यात नाहीसा होतो, आणि त्याचे कारण रोग नसते, कीड नसते. रोप लावतेवेळी जमिनीवर चार पावले मोजली गेली नाहीत, एवढेच ते कारण असते.

देवदाराची निगा म्हणजे मुख्यतः त्याच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांची निगा होय. त्यानंतर माणसाने करण्यासारखे फारसे उरत नाही. न करण्यासारखे मात्र पुष्कळ उरते.

नावाचा घोळ

झाड लावण्यापूर्वी ते देवदारच आहे याची खात्री करून घ्यावी, ही सूचना वाचकांस कदाचित अनावश्यक वाटेल. परंतु ह्या एका नावाखाली आपल्या देशात निरनिराळी झाडे वावरत आहेत. बंगालमध्ये रस्त्यांच्या कडेने लावलेल्या, उंच व सडपातळ अशा हिरव्या अशोकास देबदारु म्हणतात. तो सीताफळाच्या कुळातील आहे. तमिळ प्रदेशातील देवदारम् हे शुष्क वनांतील एक लहानसे झाड असून त्याचाही खऱ्या देवदाराशी काही संबंध नाही. महाराष्ट्रात ‘देवदारी खोके’ हा शब्द आंब्याच्या पेट्यांमुळे घरोघर माहीत आहे. पण त्या पेट्यांचे हलके, पांढरट लाकूड देवदाराचेच असते असे नाही, पुष्कळदा ते चीड किंवा दुसऱ्या एखाद्या पाइनचे असते. खरे देवदारी लाकूड पिवळसर तपकिरी, तेलकट व सुगंधी असते, आणि त्याच्या मध्यकाष्ठाला वाळवी सहसा लागत नाही. मनालीजवळच्या डुंग्री वनातील १५५३ साली बांधलेले हिडिंबा मंदिर देवदारांच्या राईतच उभे आहे. पश्चिम हिमालयातील पुष्कळशी जुनी मंदिरे, घरे आणि श्रीनगरचे जुने पूल ह्याच लाकडावर टिकले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेच्या स्लीपरांसाठी असंख्य देवदार तोडून ते ओंडके हिमालयातील नद्यांतून मैदानात वाहून आणले गेले, तेही ह्या टिकाऊपणामुळेच.

शास्त्रीय भाषेत देवदार हा सेड्रस देवदारा होय. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याला पाइनच्या प्रजातीत घातले होते. १८३० साली जॉर्ज डॉन यांनी त्याला सेड्रस ह्या प्रजातीत आणले. ह्या प्रजातीतील त्याचे सोयरे लेबॅनॉन, सायप्रस आणि उत्तर आफ्रिकेतील ॲटलास पर्वत येथे आढळतात. बागेत हे वृक्ष शेजारी शेजारी असल्यास फांद्यांच्या टोकांवरून ओळखता येतात. ॲटलासच्या वृक्षाची टोके वर वळलेली, लेबॅनॉनच्या वृक्षाची आडवी, तर देवदाराची खाली झुकलेली असतात.

वृक्षाची ठेवण

देवदार सदाहरित आहे, याचा अर्थ त्याची पाने कधीच गळत नाहीत असा नव्हे. त्याची सुईसारखी पाने काही वर्षे टिकतात व नंतर गळतात. फक्त ती सगळी एकाच वेळी गळत नाहीत, म्हणून झाड कधी उघडे दिसत नाही. सुया साधारण २.५ ते ५ सें.मी. लांब असतात. नव्या, लांब वाढणाऱ्या डहाळीवर त्या एकेकट्या येतात. जुन्या फांद्यांवर मात्र अगदी आखूड, गाठीसारख्या उपशाखा असतात आणि त्यांच्या टोकांवर २०-३० सुयांचे झुबके उगवतात. पाइनच्या सुया दोन, तीन किंवा पाच अशा जुडग्यांनी येतात. तेव्हा झुबक्यातील सुया मोजल्या, की शाळकरी मुलांनाही हे दोन वृक्ष वेगळे करता येतील.

नर शंकू शरद ऋतूत परिपक्व होतात आणि त्या दिवसांत वारा सुटला म्हणजे झाडाखाली परागांची पिवळी धूळ साचते. मादी शंकू फांदीच्या वरच्या अंगास अंड्यासारखे उभे बसतात. त्यांना पूर्ण वाढण्यास सुमारे एक वर्ष लागते. पिकल्यावर ते पाइनच्या शंकूंप्रमाणे अखंड खाली पडत नाहीत. झाडावरच त्यांचे खवले सुटे होतात, पंखधारी बिया वाऱ्याबरोबर उडून जातात आणि फांदीवर मधला दांडा तेवढा उभा राहतो. बी गोळा करणाऱ्याने शंकू फुटण्यापूर्वीच झाडावर चढणे भाग पडते, ते यामुळे.

तो कोठे वाढेल, कोठे नाही

पूर्व अफगाणिस्तानपासून पाकिस्तानचा उत्तर भाग, काश्मीर, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि पश्चिम नेपाळ हा देवदाराचा मूळ प्रदेश आहे. समुद्रसपाटीपासून साधारणतः १,५०० ते ३,२०० मीटर उंचीच्या पट्ट्यात तो आढळतो आणि १,८०० ते २,६०० मीटरांच्या दरम्यान उत्तम वाढतो. तेथील हवेत तीन गोष्टी एकत्र येतात : थंडीतील दीर्घ विश्रांती व हिमवर्षाव, माफक पाऊस, आणि उतारावरील जमिनीमुळे पाण्याचा झटपट निचरा. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची मानली पाहिजे. देवदार अवर्षण बरेच सोसतो. किन्नौरच्या कोरड्या खोऱ्यांतही तो उभा आहे. साचलेले पाणी मात्र त्याला सोसत नाही. मातीतील पोकळ्या पाण्याने भरून गेल्या म्हणजे मुळांना प्राणवायू मिळत नाही, त्यांची बारीक टोके मरतात आणि मेलेल्या टोकांतून कवके आत शिरतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. डोंगर आणि थंड हवा एवढ्यानेच देवदाराचे भागत नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, म्हणून तेथे देवदार लावावा असे एखाद्यास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु देवदाराच्या माहेरी वर्षाला बहुधा १,००० ते १,८०० मि.मी. पाऊस पडतो, तर महाबळेश्वरास त्याच्या तिपटीहून अधिक, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. मुंबई, गोवा व कोकणपट्टी यांविषयी तर बोलावयासच नको. उत्तरेच्या मैदानात हिवाळा बऱ्यापैकी थंड असतो, त्यामुळे तेथील काही बागांतून देवदार तग धरतो. परंतु उन्हाळ्यातील उष्ण रात्री त्याला मानवत नाहीत. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने मिळवलेल्या अन्नाचा मोठा भाग अशा रात्री श्वसनातच खर्च होतो आणि झाड विरळ व खुरटे राहते. त्याला वृक्ष म्हणावयाचे ते केवळ नावाच्या गौरवासाठी.

उष्ण प्रदेशातील शाळांना किंवा ग्रंथालयांना आपल्या आवारात उंच, सदाहरित, शंकुधारी वृक्षच हवा असेल, तर त्यांनी देवदाराचा हट्ट सोडून अरॉकेरियाकडे वळावे हे उत्तम. बंगळूर, पुणे अशा शहरांतील बागांमध्ये ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जो मजल्यामजल्याने फांद्या फुटलेला वृक्ष दिसतो तो हाच. नॉर्फोक बेटावरील जातीच्या नावाने विकली जाणारी पुष्कळशी रोपे वस्तुतः न्यू कॅलेडोनियातील कुक पाइनची असतात. ह्या कुक पाइनची एक गंमत आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाच खंडांतील २५६ झाडे मोजण्यात आली, तेव्हा ती सरासरीने ८.५५ अंशांनी विषुववृत्ताच्या दिशेस झुकलेली आढळली. म्हणजे उत्तर गोलार्धातील झाडे दक्षिणेकडे व दक्षिण गोलार्धातील उत्तरेकडे. भारतातील बागवानाने आपला कुक पाइन दक्षिणेस कलला म्हणून त्याला दोर बांधून ओढू नये, इतकेच यावरून घ्यावयाचे. यापुढील विवेचन हिमालयाच्या कुशीतील व तत्सम थंड प्रदेशांतील बागांना उद्देशून आहे.

जागा

देवदाराला भरपूर ऊन लागते. रोप अगदी कोवळे असताना थोडी सावली त्याला उपकारक होते. पुढे मात्र मोठ्या झाडाच्या छायेत तो एका अंगाने उघडा पडतो आणि ते अंग पुन्हा भरून येत नाही. जमीन किंचित आम्ल असल्यास उत्तम; चुनखडीयुक्त जमिनीतही, निचरा चांगला असेल तर, तो वाढतो. चिकणमाती असल्यास खड्डा खोल न करता भोवतालच्या जमिनीपेक्षा थोड्या उंच वरंब्यावर रोप लावावे.

अंतराविषयी काटकसर करू नये. इमारतीपासून निदान ८ ते १० मीटर, आणि शक्य असेल तर त्याहून अधिक, अंतर सोडावे. वर विजेच्या तारा नसाव्यात. खाली मैलापाण्याचा नळ नसावा, आणि पुढे-मागे रस्ता रुंद होण्याचा संभव असलेली जागाही नसावी. रोप जेथे लावावयाचे तेथे प्रथम एक खुंटी ठोकावी व तिला सहा मीटर दोरी बांधून जमिनीवर एक वर्तुळ आखावे. त्या वर्तुळाच्या आत जे काही येते – कट्टा, पायवाट, गुलाबाचा वाफा – ते एक दिवस त्या झाडाचे होणार आहे, असे समजून चालावे. ज्या आवारात असे वर्तुळ मावत नाही तेथे देवदार लावू नये. सोनेरी सुयांचे किंवा लोंबत्या फांद्यांचे काही उद्यानप्रकार तुलनेने लहान राहतात. लहान बागेत हवे तर त्यांचा विचार करावा.

बी आणि रोप

ऑक्टोबरच्या सुमारास शंकू हिरवेपणा टाकून तपकिरी होऊ लागतात. तेव्हा ते काढून उन्हात पसरले म्हणजे काही दिवसांत त्यांचे खवले सुटतात. एका किलोग्रॅममध्ये साधारण सात-आठ हजार बिया बसतात. बी तेलकट असल्यामुळे फार काळ टिकत नाही. उबदार खोलीत वर्षभर ठेवलेले बी पेरून ‘देवदार उगवतच नाही’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. ते त्याच हिवाळ्याच्या आरंभी वाफ्यात पेरावे. थंडीत ओलसर मातीत पडून राहिल्याने बियांची सुप्तावस्था मोडते आणि वसंतात उगवण एकसारखी होते. जेथे हिवाळा पुरेसा थंड नसेल तेथे ओल्या वाळूत मिसळलेले बी दोन-तीन आठवडे शीतपेटीत ठेवून हेच काम साधता येते.

उगवलेल्या अंकुरास दोन नव्हे, तर दहाच्या आसपास बीजदले असतात व ती चक्राकार पसरलेली दिसतात. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात दाखविण्यास ह्याहून सुंदर नमुना मिळणार नाही. ह्या अवस्थेत रोपांचे शत्रू पुष्कळ असतात. उंदीर व पक्षी बी उकरून खातात. अतिपाण्याने रोपाची मान कुजून ते आडवे होते. भर दुपारचे ऊन त्याला जाळते. वाफ्यावर जाळी, वर विरळ सावली आणि मोजके पाणी, हे तीन उपाय पुरेसे आहेत.

वाफ्यातील मातीत जुन्या देवदाराच्या तळची ओंजळभर माती मिसळण्याची एक चाल आहे, व ती सर्वस्वी शास्त्रशुद्ध आहे. देवदाराच्या मुळांवर काही कवके सहजीवी म्हणून राहतात. त्यांचे धागे मुळांपेक्षा कितीतरी बारीक असल्यामुळे मातीच्या ज्या फटींत मूळ शिरत नाही तेथून ते पाणी व फॉस्फरस शोषून झाडास देतात, आणि मोबदल्यात झाडाकडून शर्करा घेतात. हे भागीदार नसलेल्या नव्या जमिनीत रोप कितीही खत दिले तरी पिवळट व खुजे राहते. ओंजळभर मातीने ही उणीव भरून निघते.

रानातून उगवती रोपे उपटून आणण्याची चाल मात्र सोडून द्यावी. एक तर ते बहुधा कायद्याविरुद्ध असते. शिवाय देवदाराचे सोटमूळ लवकर खोल जाते व उपटताना तुटते. दहा रोपे आणावीत तेव्हा एखादे जगते, आणि उरलेल्या नऊ रोपांची जागा रानात रिकामी राहते.

लावणी आणि पाणी

अडीच-तीन वर्षांचे रोप पावसाळ्याच्या आरंभी कायम जागी लावावे. पिशवीत किंवा कुंडीत अधिक काळ राहिलेल्या रोपाची मुळे आतल्या आत गोल फिरतात. अशी मुळे जमिनीत गेल्यावरही गोलच वाढतात आणि वीस-पंचवीस वर्षांनी बुंध्यालाच फास बसतो. म्हणून विकत घेताना मोठे रोप निवडण्यापेक्षा लहान व मोकळ्या मुळांचे रोप निवडावे. सुमारे ६० सें.मी. लांब, रुंद व खोल खड्डा करून, मुळांभोवतीचा मातीचा गोळा – बागवानांच्या भाषेत हुंडी – फुटू न देता रोप पूर्वी जितके मातीत होते तितकेच बसवावे. खोडाचा तळ मातीखाली गाडला गेल्यास तेथील साल कुजते. खड्ड्यात कच्चे शेण घालू नये; चांगला कुजलेला पालापाचोळा पुरे.

पाणी कधी द्यावे, ह्या प्रश्नाचे उत्तर एका अनपेक्षित ठिकाणी मिळते. वृक्षाच्या बुंध्यात दरवर्षी लाकडाचे एक नवे वलय तयार होते. वर्ष चांगले गेले तर रुंद, वाईट गेले तर अरुंद. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहालयात सातशेहून अधिक वर्षे जगलेल्या एका देवदाराचा आडवा छेद ठेवलेला आहे. त्याच्या वलयांवरून बोट फिरवीत मध्याशी गेले म्हणजे मोगलांच्या पूर्वीचा काळ लागतो. लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेतील संशोधकांनी पश्चिम हिमालयातील जुन्या देवदारांची अशी वलये मोजून कित्येक शतकांच्या हवामानाचा अंदाज बांधला आहे. त्या मोजणीतून असे दिसते, की वलयाची रुंदी पावसाळ्यातील पावसापेक्षा पावसाळ्यापूर्वीच्या, म्हणजे मार्च ते मे-जूनच्या, हवेवर अधिक अवलंबून असते. वसंत ऋतू उष्ण व कोरडा गेला, की वलय अरुंद होते.

शेकडो वर्षांच्या वृक्षांनी दिलेली ही साक्ष बागवानाने आपल्या हातभर रोपासाठी वापरावी. हिवाळ्याचे बर्फ वितळून गेलेले असते, पावसाळा अजून लांब असतो आणि नेमकी तेव्हाच नवी पालवी फुटत असते. रोपाला पाणी हवे असते ते ह्या दिवसांत. पहिली तीन वर्षे मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून एकदा, पण खोलवर भिजेल असे, पाणी द्यावे. रोज थोडेथोडे शिंपडल्याने मुळे वरच्या थरातच राहतात. आळ्यात वाळलेल्या पानांचे आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये. एकदा पावसास सुरुवात झाली, की आळे मोडून पाण्याला वाट करून द्यावी. हे मोडण्याचे काम करण्यापेक्षा विसरलेच अधिक जाते.

कडाक्याच्या थंडीच्या जागी पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत रोपावर गवताची विरळ झापडी ठेवावी. वसंतातील उशिराचे हिम नव्या पालवीला जाळते. फांद्यांवर बर्फ साचल्यास ते खालून काठीने अलगद झटकावे. वरून ठोकू नये, कारण गोठलेली डहाळी काचेसारखी तडकते. थंडी सोसण्याची शक्ती सर्व देवदारांत सारखी नसते. १९६४ साली काश्मीरच्या शालिमार बागेतून नेलेल्या बियांपासून अमेरिकेतील बॉस्टनच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानात वाढविलेला एक प्रकार विशेष काटक ठरला आणि तो ‘शालिमार’ ह्याच नावाने तिकडच्या बागांत पसरला आहे.

कात्रीविषयी

देवदाराच्या बाबतीत बागवानाची कात्री जितकी गंजेल तितके चांगले. तरुण झाडाचा शेंडा नेहमी खाली वाकलेला असतो. ते पाहून पुष्कळजण झाड आजारी आहे असे समजतात आणि त्याला बांबूला करकचून बांधतात. वास्तविक ही त्याची रीतच आहे. शेंड्याचा खालचा भाग जसजसा काष्ठमय होतो तसतसा तो आपोआप सरळ होतो, आणि तोवर त्याच्यापुढे नवा शेंडा वाकलेला तयार असतो.

शेंडा मोडून दोन फांद्या शेंड्याच्या स्पर्धेत उतरल्या, तर मात्र हस्तक्षेप करावा. त्यांतील कमजोर फांदी बोटाएवढी असतानाच काढून टाकावी. ती तशीच ठेवली तर पुढे दुबेळके झालेले खोड एखाद्या वादळात मधोमध चिरते. ह्याखेरीज शेंड्याला हात लावू नये. उंची आवरण्यासाठी शेंडा छाटणे ही गोष्ट फार सर्रास चालते, आणि तिच्याइतकी घातक दुसरी नाही. छाटलेल्या जागी तीन-चार नवे शेंडे फुटतात, ते बुंध्याशी कच्चे जोडलेले असतात, उघड्या जखमेत पाणी मुरून खोड आतून कुजते, आणि काही वर्षांनी झाड पूर्वीइतकेच उंच पण पूर्वीपेक्षा कितीतरी धोकादायक होते.

खालच्या फांद्यांचेही तसेच. जमिनीला टेकणाऱ्या फांद्यांत देवदाराचे अर्धे सौंदर्य आहे. आंबा किंवा कडुनिंब तोडला तरी जुन्या लाकडातून पुन्हा फुटतो; देवदाराच्या सुया नसलेल्या जुन्या फांदीतून नवी पालवी फुटत नाही. तेव्हा तोडलेली फांदी कायमची गेली असे समजावे. वाळलेली फांदी कोरड्या दिवसांत, खोडाजवळच्या फुगीर कड्यास धक्का न लावता, कापावी.

सालीस जपण्याविषयी तर कालिदासानेही सांगून ठेवले आहे. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात शंकराने पुत्र मानलेला व पार्वतीने आपल्या हाताने वाढविलेला एक देवदार आहे. एका रानहत्तीने गंडस्थळ घासून त्याची साल काढली, तेव्हा पार्वतीला शोक झाला आणि त्या वृक्षाच्या राखणीसाठी सिंह नेमण्यात आला. कवीची ही कल्पना वनस्पतिशास्त्रास धरूनच आहे. सालीच्या आतल्या थरातून पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे जाते, आणि त्याच्या लगतच ऊतककर नावाचा तो पातळ थर असतो ज्यापासून नवे लाकूड व नवी साल बनते. साल सभोवार निघाली तर झाड वरून हिरवे दिसत असतानाच मुळे उपाशी मरू लागतात. बागेत रानहत्ती नसले तरी गवत कापण्याचे यंत्र, गुरे बांधण्याचे दावे आणि फलक ठोकण्याचे खिळे असतात.

रोग आणि कीड

वसंतात, नवी पालवी येण्याच्या सुमारास, आतल्या अंगाच्या जुन्या सुया पिवळ्या पडून गळतात. हा रोग नव्हे. फांद्यांची टोके तपकिरी पडू लागली तर ते दुष्काळाचे, हिमाचे किंवा वाऱ्याचे चिन्ह मानावे. सबंध झाडच फिकट होऊ लागले तर मुळांशी पाणी साचते आहे काय ते प्रथम पाहावे. ते पाहण्याआधी खत घालणे म्हणजे बुडणाऱ्याला जेवू घालण्यासारखे आहे.

एक्ट्रोपिस नावाच्या पतंगाच्या अळ्या उन्हाळ्यात कोवळ्या सुया खातात. हिमालयातील वनांत त्यांच्या साथी येऊन गेल्याची नोंद आहे. बागेतील लहान झाडावरच्या अळ्या हाताने वेचता येतात. मुळे कुजविणारी कवके मात्र अधिक चिवट असतात. ती तोडलेल्या झाडाच्या खुंटात शिरतात व मुळांच्या परस्परस्पर्शातून शेजारच्या झाडात जातात. म्हणून कुजून मेलेल्या शंकुधारी वृक्षाच्या जागी लगेच देवदार लावू नये. बुंध्याच्या तळाशी छत्रीसारखी किंवा फळीसारखी भूछत्रे दिसली, तर जाणत्या माणसाकडून झाडाची तपासणी करून घ्यावी.

मोठा झालेला वृक्ष

थंड प्रदेशांतील पुष्कळ शाळांना व ग्रंथालयांना देवदार लावावा लागत नाही. तो इमारतीच्या आधीपासूनच तेथे असतो. अशा वृक्षाचे नुकसान बहुधा त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांकडूनच होते. बुंध्याभोवती सिमेंटचा सुबक कट्टा बांधतात, अंगणाची पातळी सारखी करण्यासाठी त्याच्या मुळांवर हातभर भराव टाकतात, पावसाळी गटार नेण्यासाठी एका बाजूची मुळे तोडतात. देवदाराची पाणी शोषणारी बरीचशी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरात, फांद्यांच्या कक्षेबाहेरपर्यंत पसरलेली असतात. भरावाखाली त्यांना हवा मिळत नाही, फरशीखाली पाणी मिळत नाही. तरीही मोठे झाड लगेच मरत नाही, वर्षानुवर्षे साठ्यावर जगते. त्यामुळे कारण आणि परिणाम यांचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

ऑगस्ट २०२३ मधील अतिवृष्टीत शिमल्यात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या आणि त्यांच्याबरोबर अनेक मोठे देवदार उन्मळून पडले. अशा पावसात उताराची माती पाण्याने जड व सैल होते, हे खरेच. परंतु ज्या उताराचा पायथा बांधकामासाठी खणलेला असतो, ज्यावर बांधकामाचा राडारोडा ओतलेला असतो किंवा ज्याच्या माथ्यावरून गटाराचे पाणी सोडलेले असते, त्या उतारावरील झाडाचे पाय आधीच सुटलेले असतात. कलू लागलेला वृक्ष, त्याच्या वरच्या अंगास जमिनीत पडलेली भेग, पावसात मुळांपाशी नव्याने फुटलेला झरा – ही चिन्हे दिसताच मुलांना तेथून दूर ठेवून वनखात्यास कळवावे. झाड आपणच तोडू नये. त्यास वनखात्याची अनुमती लागते, आणि उतारावरचा एवढा वृक्ष पाडणे हे कुशल माणसाचे काम आहे.

ज्या झाडाभोवती कट्टा आधीच बांधला गेला आहे, तेथे बुंध्यापासून निदान दोन-तीन मीटरपर्यंतचे सिमेंट पहारीने नव्हे, तर छिन्नीने हळूहळू फोडून काढावे, टाकलेला भराव हाताने उपसून खोडाचा मूळ पसरट पाया उघडा करावा आणि उन्हाळ्यात एक-दोनदा सावकाश पाणी मुरू द्यावे. झाडाखाली पडणाऱ्या सुया झाडून जाळण्याची प्रथा बहुतेक आवारांत आहे. इमारतीलगत वणव्याचे भय असेल तेवढ्या पट्ट्यातील सुया उचलाव्यात. बाकीच्या तेथेच राहू द्याव्यात. त्यांच्या थराखाली माती ओलसर राहते, त्या कुजल्यावर त्यांतील अन्नांश पुन्हा मुळांकडेच जातो, आणि वर सांगितलेली सहजीवी कवके वाढतात तीही त्याच थरात.